तिसऱ्या बाणाचं पीस

आमच्या घरात खंडेनवमीला केळीत बाण रुतल्याशिवाय पानं मांडत नसत. यात काही वेगळं आहे असं मला बरीच वर्षं वाटलंच नाही. आयुधपूजेला शेजारी स्कूटर धुतात, बसवाले बसला झेंडूच्या माळा घालतात, तसं आमच्याकडं संध्याकाळी अंगणात केळीचा खांब पुरून त्याच्यावर बाण मारतात, एवढंच. कुणी एक पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार म्हणून आला होता म्हणे. त्याचा घोडा गेला, तलवार कुठं गेली कुणाला ठाऊक नाही, भाषा उरली तीही निम्मी कन्नड होऊन. धनुष्य मात्र शाबूत होतं. काळं पडलेलं, मधे दोरा गुंडाळलेलं, माझ्या खांद्याला लागेल एवढं. वर्षभर ते माजघरात दोन खुंट्यांवर आडवं असायचं आणि आई त्याच्यावर ओले पंचे वाळत घालायची. नवमीच्या दिवशी मात्र तेच धनुष्य देव व्हायचं, आणि त्याला हात लावण्याआधी आंघोळ लागायची.

नियम असे होते. बाण लाकडाचे, तीन, आणि त्याच वर्षी घरच्या माणसानं घरात केलेले. मारायचे घरातल्या थोरल्या पुरुषानं. एक जरी रुतला तरी पूजा पुरी झाली, मग मटणाचं सारू, नाचणीच्या उकडीचे मुद्दे आणि तुपातला भात. एकही रुतला नाही तर धनुष्य त्या घरावर रुसलं असं समजायचं, आणि ते भाऊबंदांतल्या दुसऱ्या घरी जायचं. दुसरं घर म्हणजे शंकरकाका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांचं नंजनगूडला देवळाजवळ लॉज होतं. ते दर नवमीला कमलाकाकूला घेऊन सकाळच्या बसनं यायचे, आणि धनुष्य मिळालं तर लॉजच्या काउंटरमागं कसं शोभेल याचं वर्णन करायचे. मी सांगतेय त्या वर्षी काकूच्या तोंडून निघून गेलं की भिंतीत हूक मारूनही झाले आहेत.

हे आज मोकळेपणानं लिहिते, कारण ज्यांच्यापासून लपवायचं ती माणसं राहिली नाहीत. माझा स्वभाव मुळात न बोलण्याचा. गप्प राहिलं की माणूस शहाणं दिसतं हे मला लवकर कळलं. गप्प राहून आत काय साचतं ते फार उशिरा कळलं.

बाण मारायचे दोड्डप्पा, वडिलांचे थोरले भाऊ. पोलिसातून निवृत्त झालेले, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, आमच्यातच राहायचे. घरात त्यांच्या मताला किंमत अशी फार नव्हती. भाजी कोणती आणायची हे आई ठरवायची, रेडिओ कधी बंद करायचा हेही आईच. वर्षात एक संध्याकाळ अशी यायची की सगळं घर त्यांच्या हाताकडं बघत उभं असायचं. ते धनुष्य नंजनगूडला गेलं असतं तर दोड्डप्पांजवळ काय राहिलं असतं? एक ट्रंक आणि एक छत्री. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर पुढचं सगळं झालं.

बाण करायचे अप्पा, म्हणजे माझे वडील. म्हैसूरजवळ बेळगोळच्या एका कारखान्यात ते कारकून होते, पण श्रावण लागला की त्यांच्या बोटांना खाज सुटायची. हुणसूरच्या सॉ मिलमधून सिल्व्हर ओकचा सरळ रेषांचा तुकडा यायचा. तो करवतीनं कापायचा नाही, रेषेरेषेनं फोडायचा, म्हणजे काडी वाकली तरी मोडत नाही. मग रंधा मारून चौकोनी काडी गोल करायची, पॉलिश पेपरच्या घडीत धरून फिरवायची, निखाऱ्यावर शेकून तळहातानं दाबत सरळ करायची. सरळ झाली का हे बघायला आईचा मोठा आरसा पलंगावर आडवा घालून त्याच्यावर काडी गडगडत सोडायची. सरळ काडी गुळगुळीत आवाज करत जाते. वाकडी टक टक टक करत नाचते. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत आमच्या घरात आरसा भिंतीवर नसायचाच, आणि आई भांग पाडायची ती पलंगावर ओणवी होऊन.

त्या वर्षी गणपतीनंतर अप्पा स्कूटरवरून पडले आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये गेला. घरात दुसरं लेकरू नव्हतं. मी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होते. अप्पांनी आरसा पलंगावर घातला आणि म्हणाले, "पुट्टी, रंधा घे. मी तोंडानं सांगतो, तू हातानं कर."

आई म्हणाली, "पोरीनं केलेला बाण चालतो का पण?"

"नियमात घरचं माणूस म्हटलंय. ती काय शेजारची आहे?"

अप्पांचं तोंडानं सांगणं म्हणजे प्लॅस्टरचा हात हवेत उडवत ओरडणं. "अय्यो, तसं नव्हे! अंगठा! अंगठा कुठाय तुझा?" माझी पहिली काडी टूथपिक झाली, दुसरी मधे बारीक आणि दोन्हीकडं जाड, लाटण्यासारखी. आईनं ती खरंच पोळपाटाशेजारी ठेवली. पण हळूहळू हाताला कळायला लागलं. लाकूड कुठं ऐकतं आणि कुठं हट्टाला पेटतं हे बोटांना आधी कळतं, डोक्याला मागून. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, पण काही नीट शिकले असेन तर ते त्या पलंगावर.

पिसांचा कायदा अप्पांनी तीनतीनदा सांगितला होता. बाणाला तीन पिसं, आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची. उजव्या पंखाचं पीस एकीकडं वळलेलं असतं, डाव्याचं दुसरीकडं. एका बाणावर दोन्ही मिसळली की बाण आपला राहत नाही, कुठं जाईल सांगता येत नाही. पिसं मिळायची शेजारच्या सिद्धराजूच्या पांढऱ्या बदकांकडून. सिद्धराजू टेम्पो चालवायचा, हुणसूरहून तंबाखूच्या गाठी आणायचा, आणि त्याची ती बदकं त्याच्या कुत्र्यापेक्षा वाईट होती. गळलेली पिसं वेचायला मी कुंपणावरून उतरायची आणि परत येताना माझ्या परकराला एक तरी बदक लोंबकळत असायचं.

काड्या तयार झाल्या की दोड्डप्पांना दाखवायच्या, ही रीत होती. ते एक डोळा मिटायचे, काडी दुसऱ्या डोळ्यापुढं धरायचे आणि निकाल द्यायचे, "नेट्टगे आहे." म्हणजे सरळ आहे. त्या दुपारी मी तीन चांगल्या काड्या आणि एक टाकाऊ अशा चार घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि चुकून पहिल्यांदा टाकाऊच हातात दिली. ती काडी पडवळासारखी होती. दोड्डप्पांनी डोळा मिटला, ती उजेडाकडं धरली, पुष्कळ वेळ बघितली.

"भेष! नेट्टगे आहे."

त्यांनी काडीवरून बोट फिरवलं, आणि बोट वळणावर येऊन थांबलं. खिडकीबाहेर बदकं ओरडत होती.

"पुट्टी, ही वाकडी आहे काय?"

"नाही," मी म्हणाले.

"दिसत नाही गं," ते म्हणाले. "केळ दिसते, पण हिरवा ढग दिसल्यासारखी. अप्पाला सांगू नकोस. शंकरला तर मुळीच नको. एवढं वर्ष जाऊ दे."

मी मान हलवली. मग लक्षात आलं की मान हलवलेली त्यांना दिसणार नाही, म्हणून "हूं" म्हणाले. माझ्या आयुष्यातला पहिला मोठा खोटेपणा एका अक्षरात मावला.

त्यानंतर एका गोष्टीचा विचार मी सतत करत होते आणि एका गोष्टीचा अजिबात केला नाही. विचार करत होते तो नेम कसा लागेल याचा. ज्याला दिसत नाही त्याच्या हातात भरल्या अंगणात बाण द्यावा का, हा विचार मनाला शिवला नाही. आज मला त्याच विचारानं पहाटे जाग येते.

युक्ती सुचली ती घंटेची. देवघरात एक जुनी बैलाच्या गळ्यातली घंटा होती. ती केळीच्या खांबाला शोभेसाठी म्हणून बांधायची. दोड्डप्पांचे कान तर शाबूत होते. आई फोडणीत हिंग विसरली तर ते आवाजावरून ओळखायचे. मी सांगितल्यावर ते गालातल्या गालात हसले. "असू दे," म्हणाले, "पोलिसात आम्ही अंधारात आवाजावरच पळायचो. पळायचो म्हणजे चोराच्या मागं."

दोन बाण पुरे झाले. तिसऱ्याला खाच पाडायची होती, दोरी बसते ती, आणि पिसं चिकटवायची होती. ते नवमीच्या सकाळी करू म्हणून मी झोपले. उठून बघते तर पलंगाखाली रंधा नाही, कानस नाही, चाकू नाही, पॉलिश पेपरसुद्धा नाही. देवघरासमोर पाट मांडलेले, त्याच्यावर धनुष्य, आणि त्याच्याभोवती घरातलं प्रत्येक हत्यार हळदकुंकू लावून, झेंडू वाहून बसवलेलं. विळी, खलबत्ता, किसणी, शिलाई मशीन, कात्री, सायकलचा पंप, माझी कंपासपेटी, नेलकटर. आईचं आयुधपूजेचं मोजमाप फार सढळ होतं. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कुठल्याही आयुधाला हात लावायचा नाही, त्यांना विश्रांती. चालवायचं ते एकटं धनुष्य.

"आई, माझा बाण अर्धा राहिलाय!"

"मग रात्री सांगायचं नाहीस? आता पूजा झाली."

"एकदाच चाकू दे."

"कुंकू लागलंय त्याला."

अप्पा म्हणाले, "अगं, बाण नाही झाला तर पूजा कशाची?"

"नियम तुमच्या घरातले, मी नाही केले," आई म्हणाली, आणि जाता जाता त्यांच्या प्लॅस्टरलाही कुंकवाचं बोट लावून गेली. वर्षभर राबणारा हात, तोही विश्रांती घेतोय, असं तिचं म्हणणं.

मग मी जे हत्यार नाही ते शोधत घरभर हिंडले. फुटक्या बांगडीच्या काचेनं खाच खरवडायला सुरुवात केली. ती निम्मी झाल्यावर केसांतली पिन निखाऱ्यावर लाल करून उरलेली जाळून काढली. पिसं कापायला कात्री नाही, म्हणून डिंकानं चिकटवल्यावर त्यांच्या कडा उदबत्तीनं जाळत आकाराला आणल्या. जळक्या पिसांचा वास मटणाच्या वासात मिसळून सगळ्या घरात भरला. नुकतेच आलेले शंकरकाका दारातूनच म्हणाले, "वहिनी, कोंबडी पिसांसकट घातलीत काय?"

या गडबडीत कळलं की उजव्या पंखाची पिसं दोनच उरली आहेत. तिसरं होतं ते डाव्याचं. कुंपणापलीकडं बघितलं तर सिद्धराजूनं सण म्हणून बदकं कोंडून ठेवलेली, आणि तो स्वतः टेम्पो घेऊन हुणसूरला गेलेला. मी ते डाव्या पंखाचं पीस चिकटवलं. तिसऱ्या बाणापर्यंत वेळ येणारच नाही, असं स्वतःला सांगितलं. अप्पांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

संध्याकाळी अंगणात केळ उभी राहिली, गळ्यात घंटा घालून. दोड्डप्पा पांढरं धोतर, फेटा आणि जुना कोट घालून आले. मी बाण हातात द्यायला शेजारी. आई, अप्पा, कमलाकाकू ओसरीवर. शंकरकाका खांबाच्या बाजूला, जरा पुढंच, निकाल जवळून दिसावा म्हणून.

पहिल्या बाणाला एक गोष्ट लक्षात आली जी मला आठवडाभर सुचली नव्हती. वारा नसला तर घंटा वाजत नाही. दोड्डप्पा कान लावून थांबले. लोकांना ते ध्यान वाटलं. शेवटी त्यांनी अंदाजानं सोडला, आणि बाण दोरीवरच्या अप्पांच्या पंच्यात जाऊन लोंबकळत राहिला.

"पंच्यात रुतला म्हणायचा," शंकरकाका म्हणाले.

दुसऱ्याच्या वेळी मी पायानं एक खडा उडवला. तो घंटेला लागला, टण्ण झालं. दोड्डप्पांचा हात झटकन वळला. बाण केळीचं पान फाडत गेला आणि मागच्या शेवग्याच्या झाडात हरवला. इतक्या जवळून गेला की अप्पांनी प्लॅस्टरच्या हातानं टाळी वाजवायचा प्रयत्न केला आणि विव्हळले.

"अण्णा, ही घंटा कशाला पण?" शंकरकाकांना शंका आली, ते दोड्डप्पांना म्हणाले. "सुम्ने, उगाच नाटक. कधी बांधत होतो का आपण घंटा?" आणि ते तरातरा खांबाकडं गेले. त्याच वेळी मी दोड्डप्पांच्या हातात तिसरा बाण दिला होता. त्याच वेळी बाहेर सिद्धराजूचा टेम्पो उशिरा घरी पोचला होता, दोन्ही बाजूंना केळी बांधलेला, आणि त्याच्या दारात घाईघाईनं पूजा सुरू झाली होती. त्याची बायको घंटा वाजवत होती. इकडं शंकरकाका खांबाची घंटा सोडत होते, तीही वाजत होती. मी तोंड उघडलं. आईनं "भावोजी, थांबा!" म्हटलं तेव्हा दोरी सुटली होती.

शंकरकाका जमिनीवर आडवे झाले. बाण नव्हता लागला. ते आपणहून झाले, धोतराची निरी हातात धरून. बाण त्यांच्या डोक्यावरून, कुंपणावरून पलीकडं गेला. पलीकडून काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि मग सगळं शांत. बदकंसुद्धा.

मग सिद्धराजूचा आवाज आला. "यजमान्रे! इल्ली बन्नी!" म्हणजे इकडं या.

आम्ही सगळे कुंपणाशी धावलो. सिद्धराजू टेम्पोवरून ओवाळून टाकायचा कोहळा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा होता, आणि दचकून तो त्याच्या हातातून चाकापुढं पडून फुटला होता, अगदी जिथं फुटायला हवा तिथं. टेम्पोच्या डाव्या बाजूच्या केळीत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, माझा बाण रुतला होता. जळक्या कडांची पिसं थरथरत होती.

"ही आमची केळ नव्हे," शंकरकाका धूळ झटकत म्हणाले. त्यांचा आवाज अजून नीट बसला नव्हता. "हे चालत नाही. हूक... म्हणजे नियम आहे."

"नियमात केळ म्हटलंय," अप्पा म्हणाले. "कुणाची ते म्हटलेलं नाही."

"मग काय बाजारातल्या केळीत मारला तरी चालेल?"

"मारून दाखव की."

दोड्डप्पा धनुष्य छातीशी धरून उभे होते, आणि कुणीतरी आपल्याला सांगावं याची वाट बघत होते, कारण काय झालंय हे त्यांना दिसलंच नव्हतं. मी त्यांच्या कानाशी गेले. "रुतला," म्हणाले. त्यांनी डोळे मिटले.

निकाल दिला कमलाकाकूनं. सकाळच्या बसनं निघालेली, पोटात एका कॉफीखेरीज काही नाही. "अहो, केळीत रुतला की नाही? रुतला. तुम्ही जिवंत आहात की नाही? आहात. वहिनी, पानं मांडा!" सिद्धराजू बाण काढू द्यायला तयार नव्हता. आयुधपूजेच्या दिवशी गाडीला आभाळातून बाण लागला, यापेक्षा मोठा शकुन कुठला? केळ सुकून गळेपर्यंत तो टेम्पो बाणासकट हुणसूरला जात येत होता. शंकरकाकांनी मात्र त्या दिवशी दोनदा मुद्दे मागून घेतले आणि पुढं आयुष्यभर, बाणासमोर आपण न हलता कसे उभे राहिलो, ते सांगितलं.

जेवणं झाल्यावर दोड्डप्पा ओसरीवर सुपारी कातरत बसले. कातरायला अडकित्ता नव्हता, तोही पूजेत होता; दातांनीच. मी त्यांच्यासमोर बसले आणि रडायला लागले. शंकरकाकांना लागला असता, मी म्हणाले. माझ्या घंटेमुळं.

"वेडी आहेस काय?" ते म्हणाले. "दोन घंटा वाजत होत्या. एकीपाशी शंकर धापा टाकत होता, ऐकू येत नाही काय मला? म्हणून दुसरीवर मारला." आणि सुपारीचा तुकडा गालात सरकवून, "पुढच्या वर्षी घंटा मी वाजवतो. तू मार."

तेव्हा मला एवढं हलकं वाटलं की मी घरात जाऊन उरलेलं सारू संपवलं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर पीस आठवलं. तो बाण नेमावर जाणाराच नव्हता. दोड्डप्पांनी खरंच पलीकडच्या घंटेवर नेम धरला असेल, तर उलट पिसाचा बाण तिथं पोचला कसा? आणि शंकरकाकांच्या घंटेवर धरला असेल, तर काकांना वाचवलं ते माझ्या चुकीनं. दोड्डप्पांनी मला खरं सांगितलं की मी रडत होते म्हणून सांगितलं? विचारायचं तर आधी पिसाचं सांगावं लागलं असतं. ते मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांनीही पुन्हा तो विषय काढला नाही. पुढच्या वर्षी ते खांबापासून लांब उभे राहून काठीनं घंटा वाजवत होते आणि मी मारत होते. माझा दुसरा बाण रुतला. शंकरकाकांनी मुलीनं मारण्यावर आक्षेप घेतला, पण ओसरीवरून.

आता धनुष्य माझ्या फ्लॅटच्या हॉलमध्ये आहे. त्याच्यावर पंचे वाळत घालत नाही, एवढंच. केळ गच्चीवर कुंडीत उभी करतो, मागं गादी लावून, आणि सगळी माणसं माझ्या पाठीमागं उभी केल्याशिवाय मी दोरी ओढत नाही. बाण अजून मीच करते. गेल्या नवमीला मुलगी आरशावर काड्या गडगडवून बघत होती. तिनं तिसरा बाण उचलला, उजेडात फिरवला.

"अम्मा, ह्याचं एक पीस उलटं लागलंय. काढून लावू?"

"राहू दे," मी म्हणाले. "तिसऱ्याला तसंच असतं आपल्यात."